वालाच्या शेंगा उतू चालल्यात? आधी तीन ढीग करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ मखमलाबादला घराच्या कंपाउंडवर वालाचे तीन वेल आहेत. दिवाळीनंतर शेंगा सुरू झाल्या आणि आता, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दिवसाआड दोन-अडीच किलो निघताहेत. घरात माणसं चार. शेजारीपाजारी वाटून झालं, आता तेही नको म्हणतात. फ्रीजरमध्ये तशाच भरून ठेवलेल्या शेंगा महिन्याभराने काढल्या तर चामड्यासारख्या झालेल्या आणि वाळल्या गवतासारखा वास. शिवाय मिठाच्या पाण्यात उकळून काचेच्या सहा बाटल्यांत गरम गरम भरल्या होत्या, त्यातल्या एकीचं झाकण फुगलंय. बाकीच्या पाच वापराव्यात का, आणि पुढे एवढ्या शेंगांचं करायचं काय?

बाटल्यांचं आधी सांगते, कारण त्यात उशीर नको. सहाच्या सहा टाकून द्या. फुगलेली एकच नव्हे, त्या दिवशी भरलेल्या सगळ्या. जिभेला लावून बघू नका, आणि ‘परत उकळून घेऊ’ असाही विचार नको. झाकण न उघडता दोन पिशव्यांत गुंडाळा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात द्या. गायी-कुत्री तोंड घालतील अशा जागी ठेवू नका.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा तसं करावंसं वाटणार नाही. मातीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं सुप्त रूप, शेंगांबरोबर घरात येतात आणि उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत. मोकळ्या हवेत ते काही करत नाहीत. पण बाटलीत हवा नाही, ओल आहे, आंबटपणा नाही आणि बाहेर साधं तापमान आहे, अशी जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंवर जातं, माणूस दगावू शकतो. त्याला वास येईलच, रंग बदलेलच, झाकण फुगेलच असं नाही, म्हणून उरलेल्या पाच बाटल्यांचाही भरवसा नाही. हे बीजाणू मारायला दाबाखाली ११६ ते १२१ अंश सेल्सियस उष्णता ठरावीक वेळ द्यावी लागते. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तासभर उकळलं तरी तेवढंच राहणार. घरातल्या कुकरात बाटल्या ठेवून शिट्ट्या घेणं हाही त्यावरचा उपाय नाही. कुकर पटकन तापतो, पटकन निवतो, आणि बाटलीच्या मध्यभागी किती उष्णता पोचली हे कळायला मार्ग नसतो.

मग लोणची, जॅम बाटलीत कसे टिकतात? आंबटपणामुळे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तो ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढू शकत नाही. द्राक्षं, लिंबं, कैऱ्या मुळातच आंबट. शेंग आंबट नाही. म्हणून कैरीचा हिशेब शेंगेला लावता येत नाही. तेलात बुडवून ठेवलेल्या शेंगांचंही तेच, तेल फक्त हवा तोडतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. गेली पंचवीस वर्षं मी बचत गटांच्या बायकांना वाळवणं आणि भाज्या टिकवणं शिकवते आहे. शेंगांच्या बाबतीत सगळ्यांची चूक एकच असते: टोपलीतल्या सगळ्या शेंगांवर एकच प्रयोग. वालाच्या वेलावर एकाच घोसात तीन वयाच्या शेंगा असतात, आणि कशी टिकवायची हे शेंगेचं वय ठरवतं. तेव्हा तोडून आणल्यावर पहिलं काम म्हणजे ताटात तीन ढीग करायचे.

कोवळी शेंग चपटी असते, आत दाण्याचा नुसता भास असतो. मोडली की कट्कन मोडते आणि शीर बारीक निघते. भरलेल्या शेंगेत दाणा बोटाला लागतो, पण साल अजून हिरवी आणि ओली असते. जून शेंगेची साल पिवळट पडते, मोडायला गेलं तर पिळवटते, तुटत नाही. कोवळी फ्रीजरला किंवा उन्हाला, भरलेलीचे सोले (सोललेले ओले दाणे), आणि जून झालेली वेलावरच राहू द्यायची. तुमच्या फ्रीजरमधल्या शेंगा चामड्यासारख्या झाल्या त्यात निम्मा दोष वयाचा असणार. जून शेंग कितीही काळजीने ठेवली तरी जूनच निघणार.

उरलेला निम्मा दोष कच्च्या भरल्याचा. तोडल्यावरही शेंगेतली एन्झाइमं, म्हणजे तिचा रंग-चव बदलत नेणारी द्रव्यं, काम करत राहतात. फ्रीजरच्या थंडीत ती मंदावतात, थांबत नाहीत, आणि तो गवताचा वास त्यांचाच. ती थांबवायला शेंगा आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. सगळे याला ब्लांचिंग म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. हे मी कसं करते ते नीट सांगते.

शेंगा सकाळी तोडाव्या, दहाच्या आत. पाण्याच्या धारेखाली चोळून धुवायच्या, कारण ढगाळ हवा किंवा धुकं पडलं की देठांपाशी मावा बसलेला असतो. नंतर पाच-दहा मिनिटं हळद-मिठाच्या पाण्यात. दोन्ही बाजूंच्या शिरा ओढून काढायच्या आणि इंच-दीड इंचाचे तुकडे हातानेच मोडायचे. सुरीने भराभर कापलं की आतली अळी दिसत नाही. हाताने मोडताना शेंग उघडते आणि पोखरलेली लगेच कळते.

मोठ्या पातेल्यात चार-साडेचार लिटर पाणी खळखळ उकळवा. त्यात एका वेळी अर्धा किलोच शेंगा टाकायच्या. इथे सगळ्यांना घाई होते. दोन किलो एकदम टाकल्या की पाणी थंड पडतं, पुन्हा उकळी यायला सात-आठ मिनिटं जातात आणि तोवर शेंगा नुसत्या कोमट पाण्यात भिजून लिबलिबीत होतात. अर्धा किलो टाकल्यावर मिनिटभरात उकळी परत आली पाहिजे. उकळी आली की घड्याळ लावून तीन मिनिटं. तुमच्या वेलाच्या शेंगांना जांभळी कड असेल तर बघत राहा, ती कड डोळ्यांदेखत विरते आणि पाण्याला मळकट निळसर झाक येते. घाबरू नका, तो रंग पाण्यात विरघळणाराच असतो. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकायची पद्धत आहे, ती सोडा. शेंगा बुळबुळीत होतात आणि बी-१ जीवनसत्त्व जातं.

झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात, तीही तीन मिनिटं. नळाचं पाणी जानेवारीत थंड असतं, तरी एक ट्रे बर्फ घालाच. मग चाळणीत निथळून सुती पंचावर पसरायच्या आणि वरून दुसरा पंचा टिपायचा. हे कोरडं करणं टाळलंत तर पिशवीत सगळ्याची वीट होते. कोरडे तुकडे स्टीलच्या ताटात एकेरी पसरून तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. खडखडीत झाले की एका भाजीपुरते एकेका पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांना ८-१० महिने चव चांगली राहते. घरातलं फ्रीजर दिवसातून दहा वेळा उघडतं आणि लाइटही जाते, म्हणून मी सहा महिन्यांचाच हिशेब धरते. जून-जुलैत भाज्या महागतात तोवर संपतातच.

वापरताना पिशवी बाहेर काढून वितळवत बसायचं नाही. कढईत फोडणी तडतडली की गोठलेले तुकडे थेट टाकायचे, पाणी न घालता झाकण ठेवायचं. ताज्या शेंगेला लागतो त्याच्या निम्म्या वेळात शिजतात.

सोल्यांचं सोपं आहे. भरलेल्या शेंगा सोलून दाणे काढा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, बाकी कृती तीच. मला विचाराल तर फ्रीजरमधली जागा सोल्यांनाच द्यावी. तुकड्यांपेक्षा ते जागा कमी घेतात आणि चवीला जास्त टिकतात. साली शेळीवाल्याला द्या किंवा खताच्या खड्ड्यात टाका.

आता ऊन. फ्रीजर नव्हता तेव्हाही आपल्याकडे गवार ताकात मुरवून वाळवत होते, मिरच्या सांडग्यासाठी भरून वाळवत होते. वालाच्या कोवळ्या शेंगाही छान वाळतात. पण तुम्ही लिहिलंय की या रविवारीच गच्चीवर घालणार, तर थोडं थांबा. जानेवारीत नाशिकचं ऊन दिसायला कडक असलं तरी दिवस लहान आणि पहाटे दव पडतं. वाळवणाला महाशिवरात्रीच्या आसपासपासून पुढचं ऊन घ्यावं. तेव्हा हवा कोरडी असते, दुपारी वारा सुटतो आणि दोन ते तीन दिवसांत काम होतं. तोवरच्या शेंगा फ्रीजरला घाला. फेब्रुवारीच्या शेवटी वेल उतरतीला लागतो, तेव्हाच्या कोवळ्या उन्हाला.

हे मी शिकले ते सात किलो शेंगा खतात घालून. एका जानेवारीत गटाच्या बायकांना हौसेने लवकर वाळवण घालायला लावलं. पहिल्या दिवशी ऊन चांगलं पडलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दोन दिवस सूर्य दिसला नाही. आम्ही शेंगा घरात आणून पंख्याखाली पसरल्या. तिसऱ्या सकाळी पंचाचं टोक उचललं तर बोटाला बुळबुळ लागली आणि आंबूस वास आला. एक बाई म्हणाली, धुऊन पुन्हा घालू. मी नाही म्हटलं. वाळवणाला एकदा बुळबुळ किंवा बुरशी लागली की ते वाचवायचं नसतं. तेव्हापासून मी आधी तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज बघते आणि मगच पातेलं चुलीवर चढवते.

वाळवायच्या शेंगाही तीन मिनिटं ब्लांच करायच्या. इथे मात्र पाण्यात चमचाभर मीठ घालते. निथळल्यावर बाजेवर किंवा जाळीवर सुती कापड टाकून एकेरी पसरा. जमिनीवर घातल्या तर खालून वारा लागत नाही. वरून पातळ मलमल, त्याने माश्या दूर राहतात आणि उन्हाने रंगही कमी उडतो. दोन-तीन तासांनी हात फिरवा. सूर्य मावळायच्या आत घरात. झालं का हे कानाने कळतं: तुकडा वाकवला की वाळल्या काडीसारखा टक् आवाज करून तुटला पाहिजे. नुसता वाकला तर अजून एक दिवस. एक किलो ओल्या शेंगांचे माझ्याकडे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतात.

लगेच डब्यात ठासून भरू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून झाकण लावा आणि आठ दिवस रोज एकदा हलवा. काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा उन्हात. आठ दिवस कोरडी राहिली की मग कायमची बरणी, अंधाऱ्या कपाटात.

या शेंगा गरम पाण्यात तासभर भिजवायच्या. भिजल्यावर ताज्यासारख्या होत नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. त्यांची चव वेगळी, जरा खमंग आणि चिवट. मी त्या वांग्याबरोबर, काळ्या मसाल्यात, भरपूर शेंगदाण्याचा कूट घालून रसभाजी करते, किंवा तुरीच्या आमटीत मूठभर सोडते. ताकात मुरवलेल्या हव्या असतील तर ब्लांच केलेल्या शेंगा मीठ-जिरं घातलेल्या आंबट ताकात रात्रभर ठेवून सकाळी उन्हात, दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच ताकात, असं ताक संपेपर्यंत. शेंगा उन्हात असतील तेवढा वेळ ताक फ्रीजमध्ये ठेवा. तळून खिचडीबरोबर वाढा.

व्हिनेगरमधल्या शेंगांचं तुम्ही विचारलंय. होतात, पण बरणीभरच करा. बाटलीवर आम्लता ५ टक्के लिहिलेलं व्हिनेगर घ्या, कारण बाजारात त्याहून सौम्यही मिळतं. व्हिनेगर आणि पाणी सारखं, लिटरला दोन मोठे चमचे मीठ, मोहरी, लसूण, सुकी मिरची. हे सगळं उकळा आणि मिनिटभर ब्लांच केलेल्या कोवळ्या शेंगांवर ओता, निवलं की फ्रीजमध्ये. पंधरा दिवसांनी मुरतात, दोन महिन्यांत संपवा. बाहेर ठेवू नका.

नुसत्या मिठात थर देऊन ठेवायचंही एक तंत्र आहे. इंग्लंडात लाल फुलांचा एक घेवडा घरोघरी वेलावर चढवतात, त्याला रनर बीन म्हणतात. घरोघरी फ्रीजर येण्याआधी तिथे त्या शेंगा अशा खारवून मातीच्या बरणीत ठेवायचे, तीन भाग शेंगांना एक भाग मीठ. तिथे पाऊस आणि गारठा, शेंगा वाळणार कशा, म्हणून त्यांना ते करावं लागलं. खाताना किती वेळा पाणी बदलून खारटपणा काढावा लागत असेल याचा विचार करा. आपल्याकडे असं ऊन असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

आता तिसरा ढीग, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. तुमच्या सासूबाई म्हणतात ना, ‘जून झाल्या त्या राहू द्या वेलावर’, त्यांचं ऐका. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: शेंग पिकू लागली की वेलाचं फुलणं मंदावतं. म्हणून तीनही वेल एकदम सोडू नका. दोन वेलांच्या शेंगा दिवसाआड तोडत राहा आणि एक वेल, सगळ्यात निरोगी, संक्रांतीनंतर बियाला सोडून द्या. वाल दिवस लहान झाल्यावर फुलतो, म्हणून तर सगळ्यांचे वेल एकाच वेळी लगडतात आणि शेजारी नको म्हणतात. पण वाळला दाणा वर्षभर कधीही खाता येतो.

शेंग गवती रंगाची होऊन आत दाणा खुळखुळला की सकाळी दव असतानाच तोडा, म्हणजे हातात फुटून दाणे सांडत नाहीत. दोन-तीन दिवस उन्हात, मग पोत्यात घालून काठीने हलके बडवा आणि सुपाने पाखडा. दाणा वाळला का ते दाताखाली कळतं. माझी आई एक दाणा दाढेखाली धरायची. दाताचा नुसता व्रण उठला तर पुन्हा ऊन, दाताला दाद दिली नाही तर डबा. मी तो पाट्यावर ठेवून बत्त्याने ठोकते, कोरडा असेल तर फुटून तुकडे होतात, ओला असेल तर चेपतो.

भुंगेरे डब्यात नंतर शिरतात असं आपण समजतो. खरं तर अंडी बऱ्याचदा शेतात, वेलावरच घातलेली असतात आणि दाण्याबरोबर घरात येतात. म्हणून वाळलेले दाणे पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर थंड दाण्यांवर पाणी सुटतं. मग कोरड्या डब्यात. खाण्याच्या दाण्यांना एरंडेलाचा हात लावायची जुनी पद्धतही चांगली आहे.

या दाण्यांचं बिरडं माहीत आहेच: रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणायचे. इथल्या थंडीत त्याला दोन दिवस लागतात, गरम कुकरशेजारी उबेला ठेवा. कोमट पाण्यात टाकून सालं काढायची. सोलायचा कंटाळा येतो म्हणून लोक वाल करत नाहीत. त्यावर माझा उपाय असा: एका दुपारी किलोभर वाल भिजवून, मोड आणून, घरातल्या सगळ्यांना बसवून सोलून घ्यायचे आणि डाळिंब्या वाटी-वाटीच्या पिशव्यांत फ्रीजरमध्ये. महिना-दोन महिने उत्तम राहतात. संध्याकाळी ऑफिसातून येऊन गोडा मसाला, गूळ, आमसूल घालून वीस मिनिटांत उसळ होते. वाळलेला वाल कधीही कच्चा किंवा अर्धा शिजलेला खाऊ नये, त्याचं भिजवलेलं पाणीही फेकून द्यावं. विशेषतः गडद रंगाच्या दाण्यांत शिजल्याशिवाय न जाणारी अपायकारक द्रव्यं असतात.

आणि आज टोपलीत आहेत त्यांचं? भोगी जवळ आलीय. भोगीच्या भाजीला शेंगा, वांगी, गाजर, ओला हरभरा, तीळ सगळं लागतं, आणि त्या दिवशी कुणी शेंगा नको म्हणत नाही. भोगीच्या आदल्या दिवशी निवडून, शिरा काढून, पाव-पाव किलोच्या पिशव्या करा आणि शेजारी द्या. लोक न निवडलेल्या शेंगांना कंटाळलेले असतात, निवडलेल्या आनंदाने घेतात. तोवर न धुता, कापडी पिशवीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवस राहतील. तरीही उरल्या तर गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या एखाद्या मावशींना विचारा. वेलावरच्या ताज्या गावरान शेंगांना तिथे गिऱ्हाईक असतं, आणि बदल्यात त्या तुम्हाला मेथी-कांदापात देतील.

बियाला सोडलेल्या वेलाच्या मधल्या घोसांतले तीस-चाळीस टपोरे, सारख्या रंगाचे दाणे वेगळे काढा. त्यांना फ्रीजर नको, एरंडेल नको. चाळलेल्या राखेत घालून छोट्या बरणीत ठेवा, बरणीवर वर्ष आणि ‘पेरायचे’ असं लिहा, नाहीतर कुणीतरी उसळीला भिजवतं. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की कंपाउंडच्या त्याच कडेला, हातभर अंतरावर, जागेला दोन-दोन दाणे टोचा.